‘सट्ली’ कुठे वापरावे, कुठे टाळावे

मराठी नाटक-सिनेमावर बोलताना ‘सटल अभिनय’ हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की त्याचा अर्थ कुणी विचारतही नाही. आवाज न चढवता, हातवारे न करता, एखाद्या थबकण्यातून किंवा नजर वळवण्यातून जे सांगितले जाते, त्याला रसिक हा शब्द लावतात आणि तो बरोबरच लावतात. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. या विशेषणाचे क्रियाविशेषण ‘सट्ली’. ते इंग्रजी वाक्यात बसवायची वेळ आली की चांगले इंग्रजी येणाऱ्यांचाही हात अडखळतो. कुणी ते ‘थोडेसे’ या अर्थाने लिहितो, कुणी ‘गुपचूप’ या अर्थाने, तर कुणी ‘हळूहळू’ या अर्थाने. शब्दकोशात ‘सूक्ष्मपणे’ असा अर्थ सापडतो. पण ‘तिने सूक्ष्मपणे विषय बदलला’ असे मराठीत कुणी बोलत नाही, त्यामुळे कोश उघडूनही शब्द हाती लागत नाही.

आधी उच्चार. स्पेलिंगमध्ये ‘बी’ हे अक्षर आहे, पण ते उच्चारायचे नाही. ‘सबटली’ हा उच्चार चूक. ‘ओळख पटली’ यातल्या ‘पटली’शी यमक जुळेल असा ‘सट्ली’ म्हणावा. दोनच अवयव, जोर पहिल्यावर. विशेषण ‘सट्ल’, नाम ‘सट्लटी’. तिन्हींत कुठेच ‘ब’ ऐकू येत नाही. हा मुका ‘बी’ आला तो पंडितांच्या आग्रहामुळे. शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा तो बहुधा ‘बी’शिवायच लिहिला जाई. पुढे लॅटिनचा अभिमान बाळगणाऱ्या विद्वानांनी ‘सब्टिलिस’ या लॅटिन मूळ रूपाची खूण म्हणून ते अक्षर लेखनात पक्के केले. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ आणि शंका या अर्थाचा ‘डाउट’ यांच्यातही ‘बी’ असाच शिरला. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात होलोफर्निस नावाचा एक पंडित मास्तर आहे. या दोन शब्दांतला ‘बी’ लोक उच्चारत नाहीत म्हणून तो चिडतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही लेखन एकीकडे आणि बोलणे दुसरीकडे होते, आणि बोलणाऱ्यांनी आपला उच्चार सोडला नाही.

स्पेलिंगमध्ये दोन चुका नेहमी दिसतात. ‘जेंटल’चे ‘जेंटली’ आणि ‘सिंपल’चे ‘सिंपली’ होताना शेवटचा ‘ई’ गळतो, तसाच तो इथेही गळतो: एस, यू, बी, टी, एल, वाय. मधला ‘ई’ ठेवून लिहिलेले रूप आज चालत नाही. दुसरी चूक घाईची. ‘टी’च्या पुढे ‘आय’ आणि आणखी एक ‘टी’ पडला की ‘सट्ल’चे ‘सबटायटल’ होते, आणि तोही खरा शब्द असल्यामुळे संगणक तो चूक म्हणून दाखवत नाही. अर्ज पाठवण्यापूर्वी हा शब्द डोळ्यांनी तपासून घ्यावा.

आता अर्थ. तो समजून घ्यायला अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचे पार्थेनॉन मंदिर फार उपयोगी पडते. इसवी सनापूर्वी ४४७ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि ४३२ मध्ये संपले. खांब ज्या चौथऱ्यावर उभे आहेत तो पाहणाऱ्याला सरळ, सपाट वाटतो. प्रत्यक्षात तो मध्यभागी उचललेला आहे. अरुंद बाजूंना हा उठाव सुमारे ६ सेंटिमीटर आहे, लांब बाजूंना सुमारे ११ सेंटिमीटर. लांब बाजू जवळजवळ ७० मीटरची आहे, म्हणजे एवढ्या अंतरात वीतभरही नसलेली कमान. खांबही नुसते निमुळते नाहीत. ते किंचित फुगीर आहेत आणि आतल्या बाजूला जरासे कललेले आहेत. समोर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच वेगळे दिसत नाही. त्याला इमारत दगडाची असूनही ताठर वाटत नाही, एवढेच जाणवते. या चौथऱ्याबद्दल इंग्रजीत लिहितात: ‘द प्लॅटफॉर्म इज सट्ली कर्व्ह्ड.’

या एका वाक्यात शब्दाचा सगळा स्वभाव आला. गोष्ट घडलेली आहे, तीही बहुतेक वेळा हेतूने. सहज पाहणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते. सुटली तरी तिचा परिणाम त्याच्यावर होतोच. आणि कुणी बारकाईने पाहिले, पट्टी लावून मोजले, तर ती सापडते. ‘सट्ली’ हा शब्द मापाबद्दल फार कमी बोलतो. तो बोलतो पाहणाऱ्याच्या लक्षाबद्दल. म्हणून वाक्य लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. हे कुणाच्या लक्षातून सुटू शकले असते का? आणि सुटूनही त्याचा परिणाम झाला असता का? दोन्हींची उत्तरे ‘हो’ आली तर ‘सट्ली’ निर्धास्त वापरावे. एकाचे जरी ‘नाही’ आले, तर बहुधा दुसराच शब्द हवा असतो.

हा दुसरा शब्द सर्वांत जास्त वेळा ‘स्लाइटली’ असतो. परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी इकडे मुद्दाम लक्ष द्यावे. अॅकॅडेमिक परीक्षेतल्या लेखनाच्या पहिल्या प्रश्नात आलेख किंवा तक्ता देऊन किमान १५० शब्दांत त्याचे वर्णन करायला सांगतात. शब्दसंपत्तीला गुण असतात म्हणून विद्यार्थी ‘स्लाइटली’ऐवजी भारदस्त काही शोधतात आणि ‘द नंबर इन्क्रीज्ड सट्ली’ असे लिहून बसतात. आकडा ४० वरून ४२ वर गेला, तर त्यात लपलेले काही नाही. तक्त्यात तो ठळक छापलेला आहे. वाढ लहान आहे, अदृश्य नाही. तिथे ‘स्लाइटली’ किंवा ‘मार्जिनली’ हवे. वाढ टप्प्याटप्प्याने झाली असेल तर ‘ग्रॅज्युअली’, एकाच वेगाने होत राहिली असेल तर ‘स्टेडिली’. साधा आणि अचूक शब्द परीक्षकाला भारदस्त पण चुकीच्या शब्दापेक्षा कधीही अधिक पटतो.

‘क्वायटली’चा गोंधळ याहून अवघड आहे, कारण मराठीतला ‘हळूच’ दोन्हींकडे ओढतो. ‘क्वायटली’त आवाज नसतो किंवा गाजावाजा नसतो. एखादा मंत्री गाजावाजा न करता राजीनामा देतो तेव्हा तो ‘क्वायटली रिझाइन्ड’. राजीनामा दिला हे सर्वांना कळते, फक्त ढोल वाजत नाहीत. ‘सट्ली रिझाइन्ड’ हे वाक्यच होऊ शकत नाही, कारण राजीनामा एक तर दिलेला असतो किंवा नसतो. त्याच कारणाने ‘सट्ली अराइव्ह्ड’, ‘सट्ली डाइड’ असली वाक्ये कानाला खटकतात. ज्या क्रियेला बारीक छटा असू शकतात तीच क्रिया ‘सट्ली’ करता येते.

मग ‘डिस्क्रीटली’? इथे हेतू असतो तो समोरच्याची लाज राखण्याचा किंवा गुपित सांभाळण्याचा. हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या साडीचा काठ फाटलेला दिसला आणि घरातल्या काकूंनी तिला बाजूला घेऊन सेफ्टी पिन दिली, तर ती ‘डिस्क्रीटली’ दिली. आजीने नातवाच्या खिशात शंभराची नोट सरकवली, तीही ‘डिस्क्रीटली’. जिला पिन मिळाली तिला सारे ठाऊक आहे, ज्याला नोट मिळाली त्यालाही. लपवायचे होते ते इतरांपासून. ‘सट्ली’त मात्र ज्याच्यावर परिणाम होतो त्यालाच पुष्कळदा कळत नाही. हा फरक एकदा ध्यानात आला की दोन शब्दांची गल्लत सहसा होत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘डिस्क्रीट’ची दोन स्पेलिंगे आहेत आणि उच्चार एकच. दोन्ही ‘ई’ जोडीने आले तर अर्थ ‘जपून, गुपित राखून’. दोन ‘ई’च्या मध्ये ‘टी’ आला तर अर्थ ‘सुटे, वेगवेगळे’, आणि तो शब्द गणितात आणि संगणकशास्त्रात लागतो.

‘सीक्रेटली’ तर आणखी दूरचा. त्यात लपवणे पूर्ण असते. आणि ‘इम्पर्सेप्टिबली’ म्हणजे कुणालाच जाणवणार नाही इतके. ‘सट्ली’त चाणाक्ष माणसाला एक फट ठेवलेली असते.

मराठी माणसाला सर्वांत जास्त फसवणारा शब्द ‘नकळत’ आहे. ‘तिने नकळत विषय बदलला’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. तिचे तिलाच कळले नाही, हा एक. ऐकणाऱ्यांना कळले नाही, हा दुसरा. मराठीत संदर्भावरून निभावून जाते, इंग्रजीत जात नाही. करणाऱ्यालाच कळले नसेल तर ‘अन्नोइंग्ली’ किंवा ‘अन्विटिंग्ली’. करणाऱ्याने जाणूनबुजून केले आणि इतरांच्या लक्षात आले नाही, तर ‘शी सट्ली चेंज्ड द सब्जेक्ट’. भाषांतर करताना आधी विचारावे, कळले नाही ते कुणाला? उत्तर मिळाल्यावर मगच शब्द निवडावा.

वर्तमानपत्रांच्या भाषेतून दुसरा एक घोटाळा येतो. ‘नाव न घेता टोला लगावला’ हे मराठी बातम्यांतले ठरलेले वाक्य. इंग्रजी करताना पुष्कळ जण इथे ‘सट्ली क्रिटिसाइज्ड’ लिहितात. पण भर सभेत, टाळ्या घेत, सगळ्या श्रोत्यांना ओळखू येईल असा लगावलेला टोला ‘सट्ल’ नव्हे. फक्त नाव गाळले आहे. इंग्रजी पत्रकार तिथे ‘विदाउट नेमिंग हिम’ लिहितात किंवा ‘व्हेल्ड डिग’ म्हणतात, आणि पडदा अगदीच विरळ असेल तर ‘थिन्ली व्हेल्ड’. ‘लेकी बोले सुने लागे’ या म्हणीचेही तसेच आहे. बोलणे आडून असते, पण सुनेला ते पहिल्याच शब्दाला लागते. त्याला ‘इन्डिरेक्टली’ म्हणता येईल, अनेकदा ‘पॉइंटेडली’ म्हणणे अधिक खरे होईल. आडून बोललेले प्रत्येक वाक्य ‘सट्ली’ बोललेले नसते.

सूचना इतकी उघड असते की लपवण्याचा आवच उरतो, अशा वेळी इंग्रजीत ‘नॉट सो सट्ली’ असे म्हणण्याची रीत आहे. ‘ही नॉट सो सट्ली लुक्ड अॅट हिज वॉच.’ म्हणजे घड्याळात पाहिले ते सगळ्यांना दिसेल असेच पाहिले. बोलण्यात आणि हलक्याफुलक्या लेखनात हे छान वाटते. कार्यालयीन पत्रात टाळावे.

आता शब्दाची वाक्यातली जागा. हा भाग थोडक्यात आटोपतो, पण चुका इथे पुष्कळ होतात. मुख्य क्रियापद एकटे असेल तर ‘सट्ली’ त्याच्या आधी: ‘शी सट्ली चेंज्ड द सब्जेक्ट.’ साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्यानंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी: ‘द मीनिंग हॅज सट्ली शिफ्टेड’, ‘द फोटो वॉज सट्ली ऑल्टर्ड.’ विशेषणाला जोडायचे तर थेट त्याच्या पुढ्यात: ‘सट्ली डिफरंट’, ‘सट्ली स्वीट’. वाक्याच्या शेवटीही चालते: ‘ही डिड इट सट्ली.’ चालत नाही ते क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये. ‘शी चेंज्ड सट्ली द सब्जेक्ट’ हे वाक्य इंग्रजी कानाला लंगडे वाटते. मराठीत ‘तिने विषय हळूच बदलला’ किंवा ‘तिने हळूच विषय बदलला’, दोन्ही सहज जाते, कारण आपले क्रियापद शेवटी येते आणि मधली जागा मोकळी असते. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म हातात हात घालून चालतात, त्यांच्यामध्ये घुसू नये.

‘टू सट्ली चेंज’ असे ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये लिहावे का, असा प्रश्न जुन्या व्याकरणाच्या पुस्तकांवर वाढलेले वाचक विचारतात. आज ते सर्रास मान्य आहे आणि बहुतेक वेळा तीच जागा सर्वांत स्वच्छ असते. मात्र ‘लुक’, ‘टेस्ट’, ‘साउंड’, ‘बी’ अशा क्रियापदांनंतर गुण सांगायचा असेल तर क्रियाविशेषण नको, विशेषण हवे. ‘द फ्लेवर इज सट्ल’ बरोबर, ‘द फ्लेवर इज सट्ली’ चूक. कुणाला जरा सांभाळून बोलायला सांगायचे तर ‘बी मोअर सट्ल’. ‘बी मोअर सट्ली’ कधीच नाही.

कोणत्या क्रियापदांशी या शब्दाचे जमते ते पाहण्यासारखे आहे. बदलणे, वळणे, वेगळे असणे, प्रभाव पाडणे, आठवण करून देणे, फेरफार करणे, पोखरणे: इंग्रजीत ‘चेंज’, ‘शिफ्ट’, ‘डिफर’, ‘इन्फ्लुएन्स’, ‘रिमाइंड’, ‘ऑल्टर’, ‘अंडरमाइन’. या सगळ्या क्रियांना छटा आहेत. ‘हिंट’, ‘सजेस्ट’, ‘इम्प्लाय’ यांच्याशीही तो येतो, पण तिथे हात आखडता घ्यावा. ‘हिंट’ म्हणजेच सूचक बोलणे. ‘सट्ली हिंटेड’मध्ये ‘सट्ली’ नसले तरी बहुधा काही बिघडत नाही. ओरडणे, फुटणे, कोसळणे यांच्याशी तो जातच नाही.

कर्ता माणूसच हवा असेही नाही. फेडएक्स कंपनीचे बोधचिन्ह पाहावे. १९९४ मध्ये लिंडन लीडर या डिझायनरने ते केले. मोठा ‘ई’ आणि त्याला लागून असलेला ‘एक्स’ यांच्यामधल्या पांढऱ्या जागेत उजवीकडे रोखलेला बाण तयार होतो. ट्रकवर, पाकिटावर ते चिन्ह वर्षानुवर्षे पाहणाऱ्या अनेकांना तो बाण कुणी दाखवून देईपर्यंत दिसलेला नसतो. पण वेग आणि पुढे जाणे हा भाव मनात उतरलेला असतो. इथे ‘द लोगो सट्ली सजेस्ट्स मूव्हमेंट’ हे वाक्य चपखल बसते. आणि ‘सजेस्ट’ असूनही इथे ‘सट्ली’ भारभूत नाही, कारण सूचना कुठे दडली आहे तेच त्यातून कळते.

वर्तनाच्या अर्थशास्त्रावरच्या लेखनात तर हा शब्द पानोपानी भेटतो. रिचर्ड थेलर आणि कॅस सन्स्टीन यांचे ‘नज’ हे पुस्तक २००८ मध्ये आले. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. माणसाला हुकूम न देता, दंड न लावता, पर्यायांची मांडणी बदलून त्याची निवड वळवता येते, हा त्यांचा विषय. उपाहारगृहात फळे नजरेच्या पातळीवर ठेवली आणि तळलेले पदार्थ मागे सारले, तर घेणाऱ्याला वाटते की निवड त्याचीच आहे. ‘द लेआउट सट्ली इन्फ्लुएन्सेस व्हॉट पीपल ईट.’ समाजशास्त्र किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य नमुना म्हणून वहीत उतरवून ठेवायला हरकत नाही.

इथेच शब्दाची दुसरी, काळी बाजू समोर येते. लोकांच्या नकळत त्यांना वळवणे नेहमीच निरागस नसते, आणि शब्दाच्या इतिहासातही ही दुहेरी आहे. लॅटिन ‘सब्टिलिस’ म्हणजे पातळ, बारीक, तलम. तो मागावरच्या ताण्याशी जोडलेला असावा असे व्युत्पत्तिकार मानतात. बारीक भेद करणाऱ्या बुद्धीला हा शब्द लागला तेव्हा ते कौतुक होते. १३०८ मध्ये मरण पावलेला तत्त्वज्ञ डन्स स्कॉटस याला त्याच्या सूक्ष्म युक्तिवादांमुळे ‘डॉक्टर सब्टिलिस’ म्हणत. पण बारीक बुद्धी कावेबाजही असू शकते. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये एदेनच्या बागेतल्या सापाला हेच विशेषण लावले आहे, आणि तिथे त्याचा अर्थ धूर्त असा आहे. त्याच सुमारास, १६१० मध्ये, बेन जॉन्सनचे ‘द अल्केमिस्ट’ नाटक आले. त्यातल्या भामट्या किमयागाराचे नावच ‘सट्ल’ आहे.

धूर्तपणाचा तो अर्थ आज विशेषणातून जवळजवळ गेला आहे, क्रियाविशेषणाला मात्र त्याचा वास अजून आहे. ‘सट्ली अंडरमाइन’, ‘सट्ली मॅनिप्युलेट’ असे वाचले की वाचकाला करणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका येते. म्हणून एखाद्या शिक्षकाची स्तुती करताना ‘ही सट्ली कंट्रोल्ड द क्लास’ असे लिहू नये. वर्गाला न ओरडता सांभाळणारा शिक्षक सांगायचा असेल तर ‘जेंटली’ किंवा ‘क्वायटली’ अधिक स्वच्छ आहे.

नामाचा एक जुना अर्थ इथेच सांगून टाकावा, कारण तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये शाही मेजवानीत दोन फेऱ्यांच्या मध्ये साखरेच्या आणि पिठाच्या मूर्ती मिरवीत आणत. त्यांना ‘सट्लटी’ म्हणत. १४२९ मध्ये सहाव्या हेन्रीच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीत त्या होत्या. अमेरिकन चित्रकर्ती कारा वॉकर यांनी २०१४ मध्ये ब्रुकलिनच्या जुन्या डॉमिनो साखर कारखान्यात साखरेने मढवलेली प्रचंड स्फिंक्स उभी केली, तिच्या नावात हाच शब्द आहे. तेव्हा मेजवानीच्या वर्णनात ‘सट्लटी’ भेटली तर ‘सूक्ष्मता’ असे भाषांतर करून पुढे जाऊ नये.

पाहणारा कोण, यावरही बरेच ठरते. भूप आणि देसकार हे दोन राग घ्यावेत. दोन्हींचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधार वादी, देसकारात धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देसकार सकाळी. नवख्या श्रोत्यासाठी लिहिताना ‘द टू रागाज आर सट्ली डिफरंट’ हे बरोबर आहे. रियाज केलेल्या गायकाला मात्र हा फरक पहिल्या चार स्वरांत लख्ख कळतो, त्याच्यासाठी तो ‘सट्ल’ राहत नाही. म्हणून लेख कुणासाठी आहे हे ठरवावे आणि मगच शब्द टाकावा. परदेशातल्या मराठी मंडळाच्या इंग्रजी कार्यक्रमपत्रिकेत तो शोभेल. संगीताच्या प्रबंधात त्याऐवजी फरक नेमका कुठे आहे तेच लिहावे.

स्वयंपाकावर लिहिणाऱ्यांसाठीही असेच. ‘माइल्डली स्पाइस्ड’ म्हणजे तिखट कमी. ‘सट्ली स्पाइस्ड’ म्हणजे मसाला ओळखू येत नाही, पण काढून टाकला तर पदार्थ अळणी होतो. पुरणातले किंवा श्रीखंडातले जायफळ हे त्याचे उत्तम उदाहरण. ते वेगळे लागू लागले म्हणजे प्रमाण चुकले.

मराठी भाषांतरकाराने या शब्दाला एकच प्रतिशब्द शोधण्याचा हट्ट सोडावा. आपली भाषा हे काम क्रियाविशेषणापेक्षा क्रियापदांकडून आणि छोट्या वाक्खंडांकडून जास्त करून घेते. ‘तिने बोलता बोलता विषय वळवला.’ ‘त्याने सुचवून पाहिले.’ ‘ती नुसत्या डोळ्यांनी बरेच काही सांगून गेली.’ या शेवटच्या वाक्यातले ‘गेली’ पाहावे. तिथे जाण्याची क्रिया नाही. सांगितले, पण थांबून, ठासून सांगितले नाही, ही छटा त्या एका साहाय्यक क्रियापदाने आणली आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर आहे, कुणाच्या बाजूने तो धावत नाही. ‘द फिल्म सट्ली एक्स्पोझेस द इन्डिफरन्स ऑफ द सिस्टिम’ याचे मराठी ‘सूक्ष्मपणे’ घालून करू नये. ‘कुणाकडे बोट न दाखवता हा चित्रपट व्यवस्थेची बेपर्वाई उघडी पाडतो’ असे केले की अर्थही येतो आणि वाक्य मराठीही राहते. अलगद, हलकेच, आडवळणाने, सहज म्हणून, न बोलता, सूचकपणे, जाता जाता: यांपैकी कोणता शब्द घ्यायचा ते प्रत्येक वेळी क्रियापदाला विचारून ठरवावे.

कार्यालयीन ईमेलमध्ये हा शब्द जवळजवळ कधीच स्वतःसाठी वापरू नये. ‘आय वुड लाइक टू सट्ली रिमाइंड यू’ असे लिहिले की सूचना उघड झाली आणि शब्द खोटा पडला. शिवाय वर सांगितलेला डावपेचाचा वास येतो. आठवणच करायची तर ‘जस्ट अ रिमाइंडर’ किंवा भारतीय कार्यालयांत रुळलेले ‘जेंटल रिमाइंडर’ पुरे. ‘सट्ली’ दुसऱ्याच्या कृतीबद्दल, मागाहून, पाहणाऱ्याने लिहायचा शब्द आहे. आपल्या स्वतःच्या कृतीबद्दल तो मित्राला सांगता येतो, ज्याच्यावर ती कृती करायची त्याला नाही.

सराव म्हणून रोजच्या बोलण्यातली वाक्ये घेऊन पाहावीत. ‘दूध एक रुपयाने महागले.’ इथे ‘स्लाइटली’, कारण रुपया मोजता येतो. ‘सरांनी सगळ्या वर्गासमोर खडसावले.’ इथे ‘ओपनली’. ‘पुण्याहून आल्यापासून त्याचे बोलणे बदलले आहे, पण नेमके काय ते सांगता येत नाही.’ इथे ‘द वे ही टॉक्स हॅज सट्ली चेंज्ड’ याहून चांगले वाक्य नाही. मराठीतले ‘नेमके सांगता येत नाही’ इंग्रजीत त्या एका शब्दात मावले. ‘वहिनींनी घड्याळाकडे पाहिले आणि पाहुणे उठले.’ इथे ‘सट्ली’ घालण्याचा मोह होतो. पण ‘शी ग्लान्स्ड अॅट द क्लॉक, अँड द गेस्ट्स गॉट अप’ एवढ्यात सगळे आले आहे. ‘ग्लान्स’ म्हणजेच ओझरते पाहणे, आणि पाहुणे उठले हा परिणामही वाक्यातच आहे. तरीही कुणाला शब्द हवाच असेल तर तो ‘ग्लान्स्ड’च्या आधी लिहावा, ‘क्लॉक’नंतर नाही.